अंगणातली मऊ जागा

प्रकाशरावांच्या हातातून पहार सुटत नव्हती.

ते थोडे पुढे वाकून उभे होते. दोन्ही मुठी पहारीवर, पहारीचं टोक वीतभर जमिनीत, तोंड उघडं, पण आवाज नाही. खांद्यावरचं उपरणं हलत होतं. वारा तर झाडाच्या पानालाही लागत नव्हता. मग मला दिसलं, ते स्वतःच थरथरत होते, इतकं बारीक की माणसाकडे बघून कळू नये, कपड्याकडे बघून कळावं.

माझी लेक सुनंदा त्यांच्या डाव्या हाताला पाटावर उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि तांब्या सोडून त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. तो हात पुढे जाताना मला अजून दिसतो. हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरल्या. त्यातल्या एकीवर ऊन चमकलं. अख्खा उन्हाळा सरावा इतका वेळ तो हात पुढे जात राहिला.

मी मागून तिचा अंबाडा धरला आणि ओढला. ती उताणी पडली. मी तिच्या पोटावर बसले.

"सोड आये, माझा नवरा मरतोय," ती खालून ओरडली.

"मरू दे," मी म्हणाले. "तू नको मरू."

सनई नुकतीच बंद पडली होती, त्यामुळे हे अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मी चर खोदणारी बाई. रस्त्याच्या कडेने लांबच लांब चर खोदायचा, त्यात विजेची केबल निजवायची आणि वरून माती लोटायची, एवढंच माझं काम. नवरा होता तोवर तो टोळीचा मुकादम होता, तो गेल्यावर मी झाले. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढे पहार हातात आली. आता गुडघे गेलेत म्हणून घरी बसते. दिवाळी अंकवाल्यांनी कामाबद्दल लिहा असं सांगितलं. या कामात सांगण्यासारखं फार नाही. चांगलं झालं तर कुणाला काही दिसतच नाही. रस्ता होता तसा होतो आणि लोक वरून चालत जातात.

ज्यांनी कधी पहार धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खडकावर मारली की पहार ठणकते आणि खांद्यापर्यंत झटका देते. मुरमात खरखरते. पण आधी कुणी खोदून बुजवलेल्या जागेवर पडली तर फस्स करून आत जाते, हाताला झटका देत नाही, आवाजही गिळून टाकते. सोलापूरकडची जमीन म्हणजे वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. आपोआप मऊ अशी जागा आमच्याकडे सहसा मिळत नाही. मऊ लागली की समजायचं, आपल्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलं आहे आणि काहीतरी ठेवून गेलं आहे. पाण्याचा पाइप असेल, मेलेलं जनावर असेल, नाहीतर केबल असेल. टोळीत नवी बाई आली की मी तिला पहिल्या दिवशी हेच सांगायची, कठीण लागलं तर मार, मऊ लागलं तर थांब. बाकीच्या लोकांचं उलट असतं. मऊ लागलं की त्यांना बरं वाटतं आणि ते आणखी जोर करतात.

केबल मांडीइतकी खोल पाहिजे. खाली वाळू, वर वाळू, त्यावर आडव्या विटा. पुढे कुणी खोदायला आलं तर त्याला आधी वीट लागावी म्हणून विटा. रस्त्यावर हे बऱ्यापैकी होतं. पण खोलीचं माप चराच्या दोन टोकांना घेतात आणि खडक मात्र मध्ये असतो. त्यामुळे पुष्कळ चर टोकांना खोल आणि मध्ये उथळ. खांबापासून घरात जाणारी केबल तर बहुतेक उरकलेलीच असते. तिथे वीट नाही, वाळू नाही. घरमालक नंतर काय करतील तेही सांगता येत नाही. कुणी पावसाचं पाणी निघावं म्हणून अंगण खाली घेतं, कुणी माती काढून कुंड्यांत भरतं. केबल जागेवरच असते, जमीनच तिच्याकडे खाली येते.

लोक म्हणतात, उन्हात खोदायचं म्हणजे किती हाल. हाल होतेच. पण दुपारची सुट्टी मला आवडायची. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आम्ही बाया चरातच आडव्या व्हायचो, एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय, अशी लांब ओळ. वर ऊन नुसतं जाळत असायचं आणि खाली माती गार. तिला खोल घागरीसारखा वास असायचा. वर बघितलं की आभाळाची एक पट्टी दिसायची, लुगड्याच्या काठाएवढी. तिच्यातून एखादी घार जायची. कानाशी वरून चालणाऱ्यांची पावलं ऐकू यायची, सायकलची साखळी, लांब कुठे भांडं पडल्याचा आवाज. माणसं वर होती आणि आम्ही खाली होतो, आणि त्यांना आमचा पत्ता नव्हता. मी तिथे जेवढी गाढ झोपले तेवढी पुढे गादीवर झोपले नाही. उठून पुन्हा पहार धरली तरी झोप हातात राहायची. तासभर पहार आपोआप पडत असायची आणि मी भलतीकडेच कुठेतरी असायची.

मग केबल ओढायची. सगळी टोळी ओळीने उभी, केबल खांद्यावर, पुढचा हाक देणार आणि मागच्यांनी पाऊल टाकायचं. काळी, गार, जड. लांबून बघितलं तर माणसांना पाय फुटलेत की केबलला, हे कळू नये. वाळूत टाकली की ती एकदा वळवळायची आणि निपचित पडायची. मी तिच्यावर विटा मांडायची, तेव्हा एखाद्याला पांघरूण घालावं तसं वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, कामच ते.

एका घरची गंमत सांगते. जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वस्तीत एका बाईंनी गेटच्या खांबासाठी खड्डा काढायला बोलावलं होतं. त्यांच्या सासूबाई, चांगल्या म्हाताऱ्या, तुळशीपाशी दगडावर बसून जमिनीतून वर आलेल्या एका काळ्या मुळावर टाच घासत होत्या.

"आजी, काय हाय हे?" मी विचारलं.

"मूळ हाय की. शेवग्याचं."

"शेवगा कुटाय?"

"कवाच पडला. मूळ ऱ्हायलं. खरबरीत हाय, टाच लई साफ निघती."

मी वाकून बघितलं. केबल होती. वरचं काळं कातडं टाचेने झिजून गेलं होतं आणि आतल्या लोखंडी तारा चांदीच्या पैंजणासारख्या चकचकीत झाल्या होत्या. त्याच्या आत आणखी एकच कातडं आणि मग वीज.

"आजी, ह्याच्यातनं तुमच्या घरात लाइट जाती."

आजीने आधी टाच बघितली, मग केबल बघितली. "मग गरम कशी लागत न्हाय?"

त्यांना त्या जागेवरून उठवायला मला अर्धी सकाळ गेली. वायरमन येऊन केबल खाली घेईपर्यंत मी त्यांना टाचेसाठी फुटकी वीट दिली. त्यांनी ती घासून बघितली आणि म्हणाल्या, "मुळाची सर न्हाय ह्याला."

ही हसण्याची गोष्ट झाली. दुसरी हसण्याची नाही.

मोडनिंबच्या बाजूला रस्त्याचं काम होतं. टोळीत हणमंता आणि यल्लव्वा हे नवरा-बायको होते, अक्कलकोटच्या खालच्या अंगाचे. दोघं आपसात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. तो पहार मारायचा, ती पाटीने माती टाकायची. माझी सुनंदा तेव्हा लहान होती, कामावरच असायची. यल्लव्वाला मूल नव्हतं. एका बाजूला पाटी आणि दुसऱ्या बाजूला कडेवर सुनंदा, अशी ती चरातून फिरायची. लाइन बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. एक लाइन बंद होती, तिथे दोन होत्या.

हणमंताची पहार लागली आणि तो तसाच उभा राहिला, थोडा पुढे वाकून. मी रस्त्याच्या पलीकडे होते. यल्लव्वाने पाटी टाकली, धावत गेली आणि त्याला मागून कमरेत मिठी मारली. मध्ये ट्रकांची रांग आली. ती जाईपर्यंत मला काही दिसलं नाही. ट्रक गेले तेव्हा दोघं पडलेले होते आणि तिचे हात त्याच्या कमरेला तसेच होते.

गावचे लोक म्हणाले, सती गेली. सती वगैरे काही नाही. तिला माहीत नव्हतं. नवरा पडतोय असं वाटलं आणि तिने धरला. कुणीही धरलं असतं.

तेव्हापासून टोळीत आणखी एक नियम झाला. कुणी पहारीला चिकटलं तर धावायचं नाही. जो धावेल त्याला पाडायचं. हा नियम सांगताना बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या, ही बाई आहे की दगड. मी म्हणायची, दगडच समजा.

आता त्या सकाळकडे येते.

माझी नात पूजा, सुनंदाची मुलगी, तिचं लग्न होतं. सुनंदाचे मालक प्रकाशराव एका शाळेत कारकून. जुळे सोलापुरात त्यांनी दुसऱ्याचं बांधलेलं घर घेतलं होतं. समोर बरं अंगण, कोपऱ्यात कडुलिंब, फाटकाबाहेर विजेचा खांब. मी त्या घरी जेवायला जायची, काम करायला नाही. त्यामुळे त्या अंगणाकडे मी कधी कामाच्या नजरेने बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मुहूर्तमेढ होती. मांडवाचा पहिला खांब घरच्याने रोवायचा, मग मांडववाल्याने बाकीचे. उंबराची ओली फांदी आंब्याची पानं बांधून भिंतीला टेकवून ठेवली होती. पाच सवाशिणी ताटं घेऊन उभ्या होत्या. मी विधवा, म्हणून भिंतीकडेला कडुलिंबाखाली. मला त्याचं काही नाही, तिथे सावली होती. पायात चपलाही ठेवता आल्या. बाकी सगळे अनवाणी.

माझ्याजवळ दस्तगीर उभा होता. हा एके काळी माझ्या टोळीतला. पाठ दुखायला लागल्यावर त्याने मांडवाचा धंदा धरला. हातगाडीवर बांबू, सतरंज्या, दोरखंड, आणि कर्ण्यावर सनई. त्याच्याच मालकीची सनई, त्यामुळे आवाज मोठा.

"आक्का, आवाज कमी करू का?" तो माझ्या कानात ओरडला.

"कर की. कान गेले माजे."

"लग्न घरचं हाय ना. कायकू कमी करायचं?" म्हणून त्याने तसाच ठेवला.

गुरुजींनी कोपरा सांगितला. जागेवर पाणी शिंपडलं, दूध घातलं, हळदकुंकू वाहिलं. प्रकाशरावांनी पहार उचलली आणि मारली. ती उसळली. थोडं सरकून मारली, पुन्हा उसळली. खाली खडक. प्रकाशराव हसले, कपाळ पुसलं आणि दोघांचे पाट आणखी थोडे फाटकाकडे सरकवले. तिथेही सुनंदाने तांब्यातलं पाणी घातलं. त्यांनी मारली आणि पहार आत गेली.

सनईमुळे आवाज मला ऐकू आला नाही. पण मला त्यांचे खांदे दिसले. खांद्यांना झटका बसला नाही.

सगळ्यांचे चेहरे खुलले. आमच्यात मेढ सहज बसली तर संसार सुखाचा होतो असं मानतात. गुरुजींनी मान डोलावली. प्रकाशराव पाटावरून खाली उतरले, ओल्या मातीत पाय रोवले आणि पहार पुन्हा वर उचलली.

"प्रकाशराव, थांबा," मी ओरडले.

सनईखाली माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी चालायला लागले. माझ्या गुडघ्यांनी धावता येत नाही. ते अंगण काही मोठं नव्हतं, पण त्या वेळी ते लांबत गेलं. उन्हाने जमिनीवरून वाफ निघत होती आणि वाफेपलीकडे ते सगळे पाण्यात उभे असल्यासारखे हलत होते, रंगीत, हसरे. वाटेत पूजा आली, तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मला तिचे मेंदीचे हात दिसले. मी तिच्या बाजूने पुढे गेले. मला वाटलं, मी चरात आडवी आहे आणि हे सगळं वर चाललं आहे, आणि वरच्यांना माझा पत्ता नाही.

पहार खाली आली. सनई बंद पडली.

"घ्या, गेली लाइट," कुणीतरी म्हणालं, आणि दोघी-तिघी हसल्या. उन्हाळ्यात लाइट जायचीच. कुणाला त्यात काही वाटलं नाही. आणि त्या शांततेत मला जमिनीतून आवाज ऐकू आला, भांड्यात मधमाशी अडकल्यासारखा.

पुढचं मी वर लिहिलं आहे. मी सुनंदाच्या मागे पोचले होते. तिला पाडलं, तिच्यावर बसले, आणि जे बोलायचं ते बोलले.

पण धावणारी ती एकटी नव्हती. प्रकाशरावांचा धाकटा भाऊ विलास पाहुण्यांतून पुढे आला.

"दादाला फिट आली," तो म्हणाला. "चप्पल हुंगवा. कांदा आणा."

"विलास, तितंच थांब. करंट हाय," मी म्हणाले.

"अहो मावशी, लाइटच गेलीय, करंट कुठला? आणि पहार राहू दे हातात. फिटला लोखंड चांगलं असतं."

असं म्हणून तो एका हातात चप्पल घेऊन निघाला. त्याची चूक नव्हती. घरात दिवा नाही, पंखा नाही, मग वीज नाही, असं कुणालाही वाटेल. आणि फिटला हातात लोखंड द्यायचं हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं होतं. पहारीने केबल तोडली होती. घराकडची बाजू मेली, खांबाकडची जिवंत राहिली, आणि पहार तिच्यातच रुतून उभी होती. पण हे त्याला कोण सांगणार, आणि सांगायला वेळ कुठे?

"आणखी एक पाऊल टाकलंस तर दोन तिरड्या बांधाव्या लागतील," मी म्हणाले. "तुज्या आईला काय सांगू?"

आईचं नाव काढल्यावर तो थांबला. चप्पल हातात तशीच.

दस्तगीर हणमंताच्या वेळी टोळीत होता. त्याने हातगाडीवरून सतरंज्यांची घडी उचलली, कोरडी, जाड, आणि लांबूनच प्रकाशरावांच्या मागे फेकली. तिच्यावर उडी मारून उभा राहिला. हातात वाळलेला बांबू.

"आक्का, सुनंदाला धरून ऱ्हावा. उठू देऊ नका."

"उठत न्हाय ती. तू मार."

त्याने खालून वर, प्रकाशरावांच्या मनगटांवर बांबू मारला. एकदा मारून काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मुठी सुटल्या. प्रकाशराव मागे कोसळले, अर्धे सतरंजीवर, अर्धे दस्तगीरवर. पहार एकटीच जमिनीत उभी राहिली. तिच्या बुडाशी ओली माती उकळत होती. मेढीसाठी वाहिलेल्या फुलांतलं एक फूल तिथे हळूहळू काळं पडत गेलं. सगळे त्या फुलाकडे बघत होते. मीही बघत होते. माझ्या खाली सुनंदाचं पोट वर-खाली होत होतं आणि मला एकच बरं वाटत होतं, ही श्वास घेते आहे.

मग प्रकाशरावांनीही घेतला. घोरल्यासारखा, वाईट आवाजाचा, पण घेतला.

दस्तगीरने आणि विलासने त्यांना सतरंजीसकट उचलून फाटकाबाहेर नेलं आणि रिक्षात घातलं. पहारीजवळ कुणी जाऊ नये म्हणून मी तिथेच खुर्ची टाकून बसले. पूजा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी तिला म्हणाले, लांबून दे.

वायरमन आला, त्याने खांबावरून पुरवठा तोडला आणि पहार उपटली. टोक वितळून गोल झालं होतं. केबल वीतभर खोल होती. खाली सपाट खडक होता. ज्यांनी ती टाकली त्यांनी खडक फोडला नव्हता, त्याच्यावरच निजवून माती लोटली होती. पुढे आधीच्या मालकाने अंगण खाली घेतलं होतं. खांबावरचा फ्यूज उडायला हवा होता, पण कुणीतरी त्यात जाड तार घातली होती. वायरमन म्हणाला, बराचसा करंट पहारीवाटे थेट जमिनीत गेला, माणसातून थोडा गेला, म्हणून बचावले. मी विचारलं, थोडा म्हणजे किती? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही.

तो चर कुणी खोदला ते मला माहीत नाही. तो भाग नुसतं माळरान होता तेव्हा आम्ही तिथे पुष्कळ काम केलं. दुसऱ्या टोळ्यांनीही केलं. मी आठवून बघितलं, दस्तगीरलाही विचारलं. आठवत नाही. न केलेलं काम अंगावर घेणाऱ्यातली मी नाही आणि केलेलं नाकारणाऱ्यातलीही नाही. पण तेव्हापासून एक स्वप्न पडतं. जुळे सोलापुरातली सगळी घरं नाहीशी झालेली असतात आणि माळावर नुसते चर दिसतात, एकमेकांना मिळालेले, पायवाटांसारखे. मी त्यांतून चालत असते. पायाखाली गार लागतं. एका ठिकाणी चर उथळ होत होत माझ्या घोट्याएवढा राहतो. मी खाली वाकून बघते, तिथे कुणीतरी पहार टेकवून ठेवलेली असते. ती माझी आहे की नाही हे बघायला मी हात पुढे करते आणि जाग येते.

प्रकाशराव दवाखान्यात राहिले. दोन्ही तळहात भाजलेले, एक मनगट मोडलेलं. ते दस्तगीरने मोडलं म्हणून दस्तगीर रोज डबा घेऊन यायचा. मेढ पुढे अंगणातच, तेलाच्या डब्यात वाळू भरून तिच्यात रोवली. मोठ्या इमारतींत राहणारे लोक असंच करतात. लग्न थोडं पुढे ढकललं. कन्यादानाला हातावर पाणी सोडायचं ते पट्ट्यांवरून सोडलं.

सुनंदा माझ्याशी बोलत नव्हती. चहा आणून समोर ठेवायची आणि निघून जायची. मीही काही विचारलं नाही. ती रागावली तर रागावली, रागवायला ती होती. हे मी तिला बोलून दाखवलं असतं तर आणखी रागावली असती.

लग्न झाल्यावर एका दुपारी आम्ही अंगणात शेंगा निवडत बसलो होतो. प्रकाशराव झोपाळ्यावर होते. ते एकदम म्हणाले, "मामी, मला त्या वेळी सगळं ऐकू येत होतं."

मी शेंगा निवडत राहिले.

"तुम्ही म्हणालात, मरू दे."

"व्हय. म्हणाले."

"आमच्या शाळेत सगळ्यांना सांगितलंय मी. जावयाला तोंडावर मरू दे म्हणणारी सासू सोलापुरात एकच."

ते हसले. सुनंदा हसली नाही. तिने सूप खाली ठेवलं.

"असं कसं म्हणालीस गं आये?"

"यल्लव्वा आठवती का तुला?" मी म्हणाले.

"कामावरची? मला कडेवर घ्यायची ती? चिंचेच्या गोळ्या द्यायची."

"तीच."

"ती गावाला गेली ना? तूच सांगितलं होतंस."

"तू लहान होतीस म्हणून तसं सांगितलं."

मग मी तिला सांगितलं. मोडनिंबचा रस्ता, हणमंताची पहार, ट्रकांची रांग, कमरेला धरलेले हात. सगळं सांगायला शेंगांचं एक सूपही निवडून झालं नाही, एवढीच ती गोष्ट. उन्हं कडुलिंबाच्या खाली आली. अंगणात जिथे मेढ रोवायची होती तिथून फाटकापर्यंत वायरमनच्या माणसांनी नवा चर खोदून नवी केबल खोल टाकली होती. त्याची माती अजून बसली नव्हती. बाकीच्या अंगणापेक्षा ती पट्टी थोडी वर होती आणि वेगळ्या रंगाची दिसत होती. त्यावर आता विटा मांडल्या आहेत. त्या ओलांडून जाताना घरातला प्रत्येक माणूस खाली बघतो.

सुनंदाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. जरा वेळाने म्हणाली, "पोटात अजून दुखतंय माझ्या. लई जड हायस तू."

"जड हाय म्हणूनच बसले," मी म्हणाले.

मोडनिंबच्या रस्त्यावर हणमंता गेला आणि त्याच्या मागे यल्लव्वा गेली. जुळे सोलापुरातल्या अंगणात प्रकाशराव जगले आणि सुनंदा जगली.